फोनवरून मनाची काळजी: साथीच्या काळातली सामुदायिक मानसिक आरोग्य सेवा – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साथीच्या काळात ‘दवाखान्यात येऊ नका’ हे सांगणं सोपं असतं. पण ज्यांचं बरं राहणं ठरलेल्या दिवशीच्या इंजेक्शनवर, ओळखीच्या कार्यकर्तीच्या गृहभेटीवर आणि दर आठवड्याच्या गटावर उभं आहे, त्यांना त्यापुढे काय सांगायचं हे अवघड असतं. कोविडच्या काळात या प्रश्नाची बरीच उत्तरं प्रत्यक्ष कामातून सापडली. ती इथे एकत्र दिली आहेत. प्रश्न रुग्णांचे आहेत, घरच्यांचे आहेत आणि वस्तीपातळीवर काम करणाऱ्यांचेही. त्यामुळे उत्तरांतले ‘तुम्ही’ बदलत राहतील.

सामुदायिक मानसिक आरोग्य सेवा म्हणजे काय, आणि तिच्यात टेलिहेल्थ कुठे बसते?

मनोरुग्णालयाच्या भिंतींबाहेर, माणूस जिथे राहतो तिथे मिळणारी सेवा म्हणजे सामुदायिक सेवा. गृहभेटी, दिवसभराची केंद्रं, इंजेक्शनचा दवाखाना, कुटुंबांचे गट, रोजगारासाठी मदत, व्यसनमुक्तीनंतरचा पाठपुरावा हे सगळं तिच्यात येतं. स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलरसारखा दीर्घ आजार असलेली बरीच माणसं याच आधारावर घरी राहू शकतात. टेलिहेल्थ म्हणजे यातला जो भाग फोन, व्हिडिओ किंवा मेसेजवरून करता येतो तो तसा करणं. सगळा भाग तसा करता येत नाही, आणि कुठला येतो व कुठला नाही याचा निर्णय रुग्णागणिक घ्यावा लागतो.

ही पद्धत कोविडमुळे सुरू झाली का?

नाही. अमेरिकेत नेब्रास्का विद्यापीठाच्या मनोविकारतज्ज्ञांनी १९५९ मध्येच दुतर्फा टीव्ही यंत्रणा वापरायला सुरुवात केली होती. १९६४ मध्ये त्यांनी सुमारे १८० किलोमीटर दूरच्या नॉरफोकच्या सरकारी मनोरुग्णालयाशी तशीच जोडणी केली. तंत्र जुनं होतं. नियम, पैशांची व्यवस्था आणि सवय मात्र मागे राहिली होती. २०२० मध्ये ती काही आठवड्यांत बदलावी लागली.

साथीत मानसिक आरोग्य सेवांवर खरंच किती परिणाम झाला?

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये १३० देशांची पाहणी केली. त्यातल्या ९३ टक्के देशांमध्ये एक तरी मानसिक आरोग्य सेवा विस्कळीत झाली होती किंवा बंद पडली होती. मार्ग म्हणून ७० टक्के देशांनी टेलिमेडिसिन, म्हणजे दुरून वैद्यकीय तपासणी आणि सल्ला, वापरलं. यातली दरी मात्र मोठी होती. श्रीमंत देशांपैकी ८० टक्क्यांहून अधिक देशांनी ते केलं, गरीब देशांपैकी निम्म्यांनाही ते जमलं नाही. साथीच्या पहिल्या वर्षात चिंता आणि नैराश्याचं प्रमाण जगभरात सुमारे २५ टक्क्यांनी वाढल्याचं याच संघटनेने पुढे सांगितलं. म्हणजे गरज वाढली त्याच वेळी दारं मिटली.

फोनवरच्या किंवा व्हिडिओवरच्या उपचारांनी फरक पडतो का?

पडतो. नैराश्य, चिंता आणि आघातानंतरचा ताण यांच्या बोलण्यावर आधारित उपचारांत व्हिडिओवरचे परिणाम प्रत्यक्ष भेटीच्या जवळपास येतात, हे साथीच्या आधीच्या अभ्यासांतूनही दिसलं होतं. अमेरिकेच्या माजी सैनिकांच्या आरोग्य यंत्रणेने २००६ ते २०१० या काळात टेलिसेवा घेतलेल्या ९८,६०९ रुग्णांची माहिती तपासली. सेवा सुरू झाल्यानंतर त्यांचं मनोरुग्ण विभागात दाखल होणं सरासरी एक चतुर्थांशाने घटलं होतं. ही तुलना त्याच रुग्णांची आधीची व नंतरची आहे, त्यामुळे सगळं श्रेय व्हिडिओला देता येत नाही. पण ‘पडद्यावर काय उपचार होणार’ ही शंका बाजूला ठेवायला एवढं पुरेसं आहे.

अपवाद लक्षात ठेवा. गंभीर मनोविकारांत, वस्तीपातळीच्या कामात, महिनोन्महिने फक्त दुरून सेवा देण्याचा पुरावा बराच कमी आहे. तिथे फोन हा गृहभेटीचा जोडीदार आहे.

व्हिडिओ कॉल चांगला की साधा फोन?

बैठकांमध्ये चर्चा व्हिडिओची होते. वस्तीवरचं बरंच काम मात्र साध्या फोनवर चालतं. ज्याच्याकडे बटणांचा फोन आहे, डेटा महिनाअखेरीस संपतो, घर एका खोलीचं आहे किंवा स्वतःचा चेहरा पडद्यावर बघणं ज्याला सहन होत नाही, त्याच्यासाठी साधा फोन हाच दवाखाना आहे. काही रुग्ण फोनवर जास्त मोकळे बोलतात, कारण कोणी बघत नसतं.

व्हिडिओ हवाच अशा वेळाही आहेत. पहिली तपासणी, औषध बदलल्यानंतरचा आठवडा, वजन घटल्याची शंका, अंगाला कंप किंवा तोंडाच्या नकळत हालचाली, आणि सांकेतिक भाषा वापरणारे रुग्ण. माझं स्पष्ट मत आहे की निवड रुग्णाला विचारून करावी आणि दर काही आठवड्यांनी पुन्हा विचारावी. सेवेच्या सोयीसाठी सगळ्यांना व्हिडिओवर ढकललं तर ज्यांना सेवेची सर्वाधिक गरज आहे तेच पहिले गळतात.

घरात एकांत नाही. मोकळं बोलायचं कसं?

बोलण्याची सुरुवातच या प्रश्नाने व्हायला हवी: ‘तुम्ही आत्ता एकटे आहात का? कोणी ऐकतंय का?’ उत्तर मिळाल्याशिवाय पुढे जाऊ नये. हेडफोन लावले की समोरच्याचे प्रश्न तरी इतरांना ऐकू जात नाहीत. मग प्रश्न असे विचारायचे की उत्तर ‘हो’, ‘नाही’ किंवा एखाद्या आकड्यात देता येईल. गच्ची, जिना, उभी असलेली गाडी, अंगणाचा कोपरा अशा जागा लोकांनी शोधल्या. चालता चालता बोलणंही चालतं. फक्त रस्ता ओलांडताना थांबा.

घरात मारहाण होत असेल तर हा सोयीचा प्रश्न राहत नाही, जिवाचा होतो. अशा वेळी आधीच एक सांकेतिक शब्द ठरवून ठेवावा. तो उच्चारला की कार्यकर्तीने विषय बदलावा, कॉल साध्या कारणाने संपवावा आणि ठरल्याप्रमाणे मदत हलवावी. अशा घरात मेसेज पाठवताना त्यात ‘समुपदेशन’ किंवा संस्थेचं नाव लिहू नये. फोन दुसऱ्याच्या हातात असू शकतो. स्वतःहून व्हिडिओ सुरू करण्याचा आग्रहही नको, कारण दाराआड कोण उभं आहे ते कॅमेऱ्याच्या चौकटीत येत नाही.

दुरून तपासताना तज्ज्ञांच्या नजरेतून काय सुटतं?

दारूचा वास. चालण्याची ढब. हाताच्या सांध्यांतला ताठरपणा, जो स्पर्शानेच कळतो. रक्तदाब आणि वजन. गृहभेटीला गेलेल्या कार्यकर्तीला दारातच कळणाऱ्या गोष्टीही सुटतात: चूल पेटली आहे का, गोळ्यांची पाकिटं भरलेलीच पडून आहेत का, खिडक्या का झाकल्या आहेत. यातलं थोडं विचारून भरून काढता येतं. ‘गोळ्यांचं पाकीट कॅमेऱ्यासमोर धरा, आपण दोघं मिळून मोजू’ असं म्हटलं तर बहुतेकांना राग येत नाही, संशयाच्या सुरात म्हटलं तर येतो. नेट अडखळत असेल तर हालचालींवरून निष्कर्ष काढू नयेत.

‘फोनमधून माझ्यावर पाळत ठेवतात’ असं ज्याला वाटतं, त्याला व्हिडिओवर कसं आणायचं?

आणू नये. त्याला ज्याची भीती वाटते तेच यंत्र त्याच्यापुढे धरणं क्रूर आहे. साधा लँडलाइन फोन, ओळखीचा आवाज, किंवा अंतर राखून आणि मास्क लावून दारातली पाच मिनिटांची भेट यापैकी जे सोसेल ते निवडा. अशीही माणसं आहेत ज्यांना भ्रम होतात पण पडद्याची भीती नाही. म्हणून निदान बघून ठरवू नका, माणसाला विचारा.

इंजेक्शन, क्लोझापिन आणि लिथियम यांचं काय करायचं?

इथे टेलिहेल्थची मर्यादा लख्ख दिसते, म्हणून जरा सविस्तर.

दोन आठवड्यांनी, महिन्याने किंवा तीन महिन्यांनी घ्यायचं मनोविकारावरच्या औषधाचं दीर्घकालीन इंजेक्शन फोनवरून देता येत नाही. साथीत प्रवासबंदी असली तरी ही जीवनावश्यक सेवाच आहे. परिचारिकेने घरी जाऊन किंवा मोकळ्या हवेत, वेळ ठरवून ते द्यायला हवं. फोनचा उपयोग आधी होतो: ताप-खोकला आहे का, घरात कोणी आजारी आहे का हे विचारून घेता येतं, गप्पा आणि तपासणीचा भाग उरकता येतो, आणि प्रत्यक्ष भेट काही मिनिटांवर येते.

क्लोझापिन हे इतर औषधांना दाद न देणाऱ्या स्किझोफ्रेनियावरचं औषध. ते घेणाऱ्यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी क्वचित धोकादायक पातळीपर्यंत घटतात. त्यासाठी नियमित रक्तचाचणी लागते, सुरुवातीचे महिने दर आठवड्याला. २०२० मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने चाचणी लांबली तरी फायदा-धोका तोलून औषध चालू ठेवायची मुभा डॉक्टरांना दिली. वर्षाहून जास्त काळ औषध घेणाऱ्या आणि पेशी कधी न घटलेल्या रुग्णांत चाचण्यांमधलं अंतर तीन महिन्यांपर्यंत वाढवता येईल, असं मत अनेक देशांतल्या तज्ज्ञांनी मांडलं. ही मुभा डॉक्टरांसाठी आहे, रुग्णाने स्वतःहून चाचणी टाळण्यासाठी नाही.

क्लोझापिनवर असलेल्या माणसाला ताप आला किंवा घसा दुखू लागला तर ‘साथ आहे, असेल’ म्हणून सोडू नका. त्याच दिवशी रक्ततपासणी हवी. संसर्गामुळे शरीरातली दाहाची प्रक्रिया वाढते तेव्हा या औषधाचं रक्तातलं प्रमाणही चढतं. मग अति झोप, लाळ गळणं, कधी झटके दिसतात. आणि एक गोष्ट घरच्यांना सहसा कोणी सांगत नाही: विलगीकरणात सिगारेट अचानक बंद झाली तरी क्लोझापिनचं प्रमाण वाढतं. तंबाखूच्या धुरातले घटक यकृतात या औषधाचा निचरा वेगाने करतात. धूर थांबला की निचरा मंदावतो. निकोटीनच्या गोळ्या-पट्ट्यांनी हे टळत नाही, कारण परिणाम निकोटीनचा नसतो. सिगारेट सुटणं चांगलंच आहे, फक्त ते डॉक्टरांना लगेच कळवा. तसंच, क्लोझापिन ४८ तासांपेक्षा जास्त चुकलं असेल तर जुन्या मात्रेने पुन्हा सुरू करू नका. अगदी कमी मात्रेपासून, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सुरुवात करावी लागते.

लिथियम हे बायपोलर आजारात मनःस्थिती स्थिर ठेवणारं औषध. त्याची गोष्ट पाण्याशी जोडलेली आहे. ताप, जुलाब, उलट्या यांनी शरीरातलं पाणी घटलं की लिथियम साचतं. आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामकांनीही ते वाढतं. म्हणून तापासाठी काय घ्यायचं ते आधी विचारा. उत्तर बहुधा पॅरासिटामॉल असेल. हाताचा ठळक कंप, तोल जाणं, बोलणं अडखळणं, उलट्या अशी लक्षणं दिसली तर फोनवर वाट पाहत बसू नका, रुग्णालय गाठा.

औषधाची चिठ्ठी फोनवरच्या तपासणीनंतर मिळू शकते का?

देशागणिक नियम वेगळे आहेत. भारतात २५ मार्च २०२० रोजी टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं जाहीर झाली. त्यांत औषधांच्या याद्या आहेत, काही औषधं पहिल्या सल्ल्यात, काही फक्त पाठपुराव्यात, आणि अमली व मनोप्रभावी पदार्थांच्या कायद्याखालची औषधं टेलिमेडिसिनवरून देता येत नाहीत. अमेरिकेत मार्च २०२० मध्ये उलट ढील मिळाली. अफूच्या व्यसनावरचं ब्युप्रेनॉर्फिन फोनवरच्या तपासणीनंतर सुरू करायला परवानगी मिळाली, आणि स्थिर रुग्णांना त्याच व्यसनावरचं मेथाडोन २८ दिवसांपर्यंत घरी न्यायची सोय झाली. तुमच्या डॉक्टरांनी एखादं औषध लिहायला नकार दिला तर तो बहुधा नियमामुळे असतो. पर्याय काय, हे मात्र जरूर विचारा.

फोनवर कोणी आत्महत्येचं बोललं तर?

तयारी कॉलच्या आधी झालेली असावी. प्रत्येक कॉलच्या सुरुवातीला, रुग्ण कितीही ओळखीचा असो, तीन गोष्टी विचाराव्यात: आत्ता तुम्ही नेमके कुठे आहात, कॉल तुटला तर कोणत्या नंबरवर करू, आणि जवळपास कोणाला बोलावता येईल. साथीत लोक नातेवाइकांकडे, गावी, विलगीकरण केंद्रात हललेले असतात. नोंदवहीतला पत्ता तेव्हा कामाचा राहत नाही.

मग सरळ विचारा. ‘मरावंसं वाटतं का? जीव द्यायचा विचार येतो का? काही ठरवलंय का? साधन जवळ आहे का?’ विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही. उलट, विचारणारं कोणी भेटलं म्हणून बरेच जण सुस्कारा सोडतात. धोका तातडीचा वाटला तर लाइन चालू ठेवा आणि सहकाऱ्याने दुसऱ्या फोनवरून घरच्यांना किंवा रुग्णवाहिकेला कळवावं. एकट्याने अशी ड्युटी करण्याची वेळ कोणावर येऊ देऊ नका.

धोका तातडीचा नसेल तर दोघांनी मिळून सुरक्षितता आराखडा लिहावा. आपलं बिनसतंय याच्या खुणा, तेव्हा स्वतः काय करता येतं, कोणाकडे जाता येतं, कोणाला फोन करायचा, आणि साधनं घरातून कशी दूर ठेवायची. रुग्णाने तो स्वतःच्या हाताने लिहून पानाचा फोटो पाठवला तर उत्तम.

साथीत एक पेच विशेष असतो. फेऱ्या वाचाव्यात म्हणून तीन-तीन महिन्यांची औषधं दिली जातात, आणि लिथियम किंवा जुन्या प्रकारच्या नैराश्यविरोधी गोळ्यांचा मोठा साठा जिवावर बेतू शकतो. ज्याच्या मनात असे विचार येतात त्याला आठवड्याची पाकिटं द्यावीत किंवा साठा घरातल्या विश्वासू माणसाकडे ठेवावा. त्यासाठी एखादी फेरी वाढली तर वाढू द्या.

प्रश्नावल्यांबद्दलही सांगायला हवं. नैराश्यासाठीच्या पीएचक्यू-९ या ९ प्रश्नांच्या यादीतला शेवटचा प्रश्न मरणाच्या आणि स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. ती यादी मेसेजवर पाठवली आणि उत्तर चार दिवस कोणी उघडलंच नाही, तर ती पाठवायलाच नको होती. उत्तर कोण, किती वाजेपर्यंत बघणार हे ठरलेलं नसेल तर प्रश्न फोनवरच विचारा.

रुग्णाला त्याच्या इच्छेविरुद्ध दाखल करायचं असेल, तर व्हिडिओवरची तपासणी चालते का?

इंग्लंडमध्ये हा वाद न्यायालयात गेला. जानेवारी २०२१ मध्ये उच्च न्यायालयाने सांगितलं की १९८३ च्या मानसिक आरोग्य कायद्यातली प्रत्यक्ष तपासणी समोरासमोरच व्हायला हवी, व्हिडिओ पुरणार नाही. इतर देशांचे कायदे वेगळे आहेत. मला तो निर्णय पटतो. एखाद्याचं स्वातंत्र्य काढून घेताना त्याच्यासमोर बसण्याएवढं तरी आपण त्याचं देणं लागतो.

गट ऑनलाइन चालतात का?

छोटे चालतात. सहा-आठ जण, ठरलेली वेळ, रेकॉर्डिंगला सक्त मनाई, आणि खोलीत दुसरं कोणी असेल तर सांगायचं हा नियम. काळजी घेणाऱ्यांचे, म्हणजे शुभंकरांचे गट ऑनलाइन चांगले जमतात, कारण आजारी माणसाला घरी एकटं सोडून यावं लागत नाही.

मुलं आणि वृद्धांचं?

लहान मुलं पडद्यासमोर फार वेळ टिकत नाहीत. छोटी सत्रं, चित्रं, खेळ, आणि आई-वडिलांशी वेगळा कॉल. किशोरवयीनांना मेसेजवर बोलणं सोपं जातं, पण त्यांच्या फोनचा पासवर्ड कोणाकडे आहे ते विचारा. वृद्धांच्या बाबतीत ऐकू येणं आधी तपासा. नीट ऐकू न आल्यामुळे चुकलेली उत्तरं विसरभोळेपणा समजली जातात.

कोणतं ॲप वापरायचं? गुप्ततेचं काय?

मार्च २०२० मध्ये अमेरिकेच्या आरोग्य विभागाने फेसटाइम, स्काइपसारखी रोजची ॲप वापरणाऱ्या डॉक्टरांवर गुप्ततेच्या नियमांखाली कारवाई न करण्याचं जाहीर केलं. ही सूट आणीबाणीसोबत ११ मे २०२३ रोजी संपली. तात्पुरत्या सवलती कायमच्या समजू नयेत. सेवेकडे स्वतःचं सुरक्षित साधन असावं. कार्यकर्त्यांना कामाचा वेगळा नंबर मिळावा. खासगी नंबरावर रात्री दीड वाजता आलेला मेसेज वाचायचा राहिला तर रुग्णाचंही नुकसान होतं आणि कार्यकर्त्यालाही ते आयुष्यभर सलतं.

ज्यांच्याकडे फोनच नाही त्यांचं काय?

त्यांची यादी सर्वात आधी करा. बेघर, निवारागृहात राहणारे, ज्यांचा फोन घरातल्या दुसऱ्या माणसाकडे असतो अशा बायका. त्यांच्यासाठी केंद्रातच एक खोली, एक टॅब्लेट आणि ते लावून देणारा माणूस ठेवता येतो. तज्ज्ञ दूर असला तरी रुग्णाजवळ ओळखीची कार्यकर्ती असते. माझ्या मते सामुदायिक सेवेत टेलिहेल्थची सर्वात प्रामाणिक रचना हीच आहे.

दिवसभर फोनवर ऐकून कार्यकर्ते थकतात. काय करावं?

सलग कॉल लावू नका, मध्ये नोंदी लिहायला वेळ ठेवा. अवघड कॉलनंतर लगेच कोणाशी तरी बोलण्याची सोय असावी. पूर्वी ती केंद्रातून घरी परतताना वाटेत आपोआप व्हायची. घरून काम करताना फोन बंद होतो आणि माणूस थेट स्वतःच्या मुलांसमोर असतो.

साथ ओसरली. आता हे बंद करायचं का?

जे रुग्णांना सोयीचं ठरलं ते ठेवा: पाठपुराव्याचे छोटे कॉल, दूर राहणाऱ्यांसाठी व्हिडिओ, शुभंकरांचे गट. भारतात १० ऑक्टोबर २०२२ रोजी टेलि-मानस ही फोनसेवा सुरू झाली, १४४१६ या क्रमांकावर. खर्च वाचतो म्हणून गृहभेटी कमी करण्याचा प्रस्ताव कोणी मांडला, तर त्याला विरोध करा आणि गळालेल्या रुग्णांची यादी त्यांच्यासमोर ठेवा.

आमच्या घरच्या माणसाने कार्यकर्तीचे फोन घेणंच सोडलंय. आम्ही काय करू?

वाद घालू नका, फोन बळजबरीने कानाला लावू नका. वेळ बदलून बघा. रात्री जागणारा माणूस सकाळी अकराचा कॉल घेत नाही. तो कोणाशी बोलायला तयार आहे ते विचारा. मग तुम्ही स्वतः टीमला फोन करा. त्याची माहिती तुम्हाला सांगण्यासाठी त्याची परवानगी लागते, पण तुमचं म्हणणं ऐकून घ्यायला सहसा कोणाची परवानगी लागत नाही. ‘तो बिघडलाय’ एवढंच सांगू नका. शेवटची गोळी कधी घेतली, झोप कधीपासून उडाली, शेवटचं पोटभर जेवण कधी झालं, कोणाला इजा करण्याचं किंवा मरणाचं बोलला का, हे तारखांसह सांगा आणि प्रत्यक्ष भेटीची मागणी त्याच कॉलमध्ये करा.